नामिबियातल्या रस्त्यांची रोजनिशी: सगळा खेळ हवेचा

विंडहुक, सोमवार

नामिबियात गाडी डावीकडून चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे भारतीय चालकाला पहिल्या तासाभरात सवय होते. धोका त्याच्या पुढे आहे. इथे जंगली जनावरांपेक्षा खडीने जास्त गाड्या उलटतात, आणि त्यातल्या कितीतरी अपघातांत समोर दुसरी गाडीच नसते.

भाड्याची डबल कॅब (आसनांच्या दोन रांगांची पिकअप गाडी) ताब्यात घेताना रंगावरचे ओरखडे सगळेच बघतात. वेळ घालवायचा तो टायरवर. चारही टायरच्या बाजूच्या भिंतींवर चीर आहे का, नक्षी किती उरली आहे, दोन स्टेपन्या आहेत का (एकीवर खडीत जाऊ नये) आणि त्यांत हवा भरलेली आहे का. चाक खोलायचा पाना नटाला खरंच बसतो का, हे लावूनच बघावं. मागच्या बाजूला खाली लटकवलेली स्टेपनी तिथेच एकदा उतरवून पाहावी, कारण तिची साखळी धुळीने जाम झालेली असते. जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी हवी, नाहीतर मऊ जमिनीत गाडीऐवजी जॅकच खाली जातो. हवेचा मीटर आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर मागून घ्यावा.

विम्याचा कागद वाचणं कंटाळवाणं काम आहे, पण इथे वाचावाच. टायर, काच आणि गाडीचं पोट बहुधा वेगळे पैसे भरल्याशिवाय विम्यात येत नाहीत. अंधार पडल्यावर झालेला किंवा एकट्या गाडीचा अपघात अनेक करारांत वगळलेला असतो. वेगाची नोंद ठेवणारं यंत्रही गाडीत असू शकतं. कायद्याने डांबरावर १२० आणि खडीवर १०० चालतं, पण भाडेकरार खडीवर बऱ्याचदा ८० वरच थांबवतो. माझ्या मते ८० हीच शहाणपणाची मर्यादा.

चौकातल्या चारही बाजूंना थांब्याची पाटी असेल, तर जो आधी थांबला तो आधी निघतो. हॉर्नला इथे काम नाही. पोलिस नाक्यावर रस्ता मोकळा दिसला तरी पाटीपाशी चाकं पूर्ण थांबलीच पाहिजेत.

रेहोबोथच्या पुढे, मंगळवार

देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि २०२३ च्या जनगणनेत माणसं सुमारे ३० लाख. एवढ्या विस्तारावर डांबर टाकणं परवडत नाही, म्हणून रस्त्यांची उतरंड आहे. ‘बी’ म्हणजे डांबरी हमरस्ता, ‘सी’ बहुतेक खडीचा, ‘डी’ त्याहून अरुंद आणि खडबडीत. नकाशाचं ॲप २०० किलोमीटरला अडीच तास दाखवत असेल, तर चार धरावेत.

डांबर संपलं की गाडी थांबवून हवा कमी करायची. डांबरावर ३२ ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवली असेल, तर खडीवर पुढे २६ आणि सामान लादलेल्या मागच्या चाकांत २८. कमी हवेचा टायर धारदार दगडाभोवती वाकतो, कडक टायर त्याच्यावर आपटून फाटतो. पण फार कमी केली तर बाजूची भिंत बाहेर फुगते आणि तिलाच दगड कापतो. अशा टायरवर वेग ठेवला की भिंत तापून फाटते, आणि भिंतीचं पंक्चर कोणी काढून देत नाही. मोजमाप टायर थंड असताना घ्यावं. चालून चालून तीन-चार पीएसआय वाढलेले दिसतात, ती हवा सोडायची नाही.

खडीवर नालीदार पत्र्यासारख्या आडव्या लहरी उठतात. ४० वर हाडं खिळखिळी होतात, ७० च्या आसपास गाडी लहरींच्या माथ्यांवरून तरंगू लागते आणि एकदम बरं वाटतं. फसगत इथेच होते. तरंगणाऱ्या चाकांना पकड नसते. वळण आलं किंवा कडेला जमलेल्या सुट्ट्या खडीच्या ढिगात एक चाक गेलं की मागचा भाग सरकतो, चालक घाबरून स्टिअरिंग उलटं फिरवतो, ब्रेक दाबतो, आणि उंच गाडी आडवी होते. करायचं एवढंच: ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, ब्रेकला हात-पाय लावायचा नाही, स्टिअरिंग हलक्या हाताने जिकडे जायचं तिकडे धरून ठेवायचं. खडीवर गाडी फोर बाय फोरच्या हाय रेंजमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगासाठी) टाकली तर ती बरीच स्थिर राहते. डांबर लागलं की मात्र टू व्हील, नाहीतर गिअरबॉक्सवर विनाकारण ताण येतो.

समोरून गाडी आली की डावीकडे सरकून वेग कमी करायचा. काच फुटते ती उडालेल्या खड्याने, दोघांचा वेग जमा होऊन. त्यानंतर धुळीच्या ढगात काही क्षण काहीच दिसत नाही, म्हणून दिवे भरदिवसाही चालू.

स्प्रीट्सहूख्ते घाट

‘डी १२७५’ वरचा हा घाट पठारावरून थेट नामिब वाळवंटात उतरतो, थोड्याच अंतरात सुमारे हजार मीटर. ट्रेलर आणि ट्रकना बंदी आहे. सुरुवातीलाच लो रेंज (चारही चाकांना जोर, वेग कमी), दुसरा गिअर, आणि उतार इंजिनवर काढायचा. खंबाटकीत ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांचे ब्रेक इथे तापून निकामी होतील.

सोलिटेर

डिझेल, टायरवाला, ॲपल पाय आणि वाळूत गंजत पडलेल्या जुन्या मोटारी. टाकी अर्ध्यावर असली तरी भरायची. इथून किनाऱ्यावरच्या वॉल्विस बे शहरापर्यंत सव्वादोनशेच्या वर किलोमीटर पंप नाही. पंपावर माणूस डिझेल भरतो, काच पुसतो, त्याला थोडी टीप देतात. दक्षिण आफ्रिकेचा रँडही चालतो, दर एकास एक. टायरच्या डागडुजीचे पैसे रोख असलेले बरे.

सेसरिएम, पहाट

सोसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्यांकडे जाणारं फाटक सूर्योदयाला उघडतं. आतल्या कॅम्पमध्ये मुक्काम असेल तर तासभर आधी सोडतात. पुढे ६० किलोमीटर डांबर, ४५ वर ‘ड्यून ४५’ ही प्रसिद्ध वाळूची टेकडी, आणि शेवटचे सुमारे ५ किलोमीटर खोल वाळू. साध्या गाड्यांनी त्याआधीच्या वाहनतळावर थांबून शटल घ्यावी.

वाळूत हवा १६ ते १८ पीएसआय. टायर लांबट पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. लो रेंज, दुसरा गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्ये गिअर बदलणं नाही. थांबायचं असेल तर ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्यावी, शक्यतो तोंड उताराकडे. सकाळची गार वाळू घट्ट असते, दुपारी तीच रुतवते, म्हणून परतीचा प्रवास अकराच्या आत.

रुतलीच तर चाकं फिरवत राहण्याचा मोह आवरावा. प्रत्येक फेऱ्यात गाडी खाली जाते आणि शेवटी पोट वाळूवर टेकतं. चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढायची, हवा १२-१३ वर आणायची, आणि आपल्याच चाकोरीतून मागे यायचं. अनेकदा दोष फक्त एवढाच असतो की फोर बाय फोरचा खटका नीट बसलेला नाही. बाहेर आल्यावर इंजिन चालू ठेवून कॉम्प्रेसर लावावा. कमी हवेवर डांबरावरून ६० किलोमीटर परत येणं म्हणजे चार टायरचा खर्च.

‘सी १४’, वॉल्विस बेकडे

मकरवृत्ताच्या पाटीपाशी सगळे फोटोला थांबतात. थांबावं, पण वळणावरून येणाऱ्याला गाडी लांबून दिसेल अशा जागी. याच रस्त्यावर गाउब आणि कुइसेब हे दोन घाट. माणशी दिवसाला ५ लिटर पाणी गाडीत असू द्यावं, मोबाइल बहुतेक वाटेवर मुका असतो.

पाचच्या पुढे रस्त्यावर राहू नये. कुडू हरिण दिव्यांच्या झोताकडे उडी मारतं आणि त्याचं वजन थेट काचेवर येतं.

किनाऱ्याजवळ बेंगुएला या थंड प्रवाहामुळे दाट धुकं येतं. हेंटीस बेच्या उत्तरेचे मिठाचे रस्ते कोरडे असताना डांबरासारखे गुळगुळीत वाटतात, पण धुक्याने ओले झाले की साबणासारखे निसरडे. वॉल्विस बेला पोचल्यावर हवा पुन्हा ३२, लहरींनी सैल झालेले चाकांचे नट पान्याने तपासायचे, एअर फिल्टर झटकायचा आणि गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवायचं.