आई-मी मालिका, नववा रोल: बल्ब आता आईच्या हातात

मागच्या वेळी लिहिलं होतं की आई आणि मी मिळून करत असलेल्या या फोटोमालिकेचे फिल्मचे सहा रोल झाले आणि ठेवावी अशी फ्रेम एकच मिळाली. आता नऊ झालेत, रोलला बारा धरून १०८ फ्रेम, त्यातल्या सात ठेवल्यात आणि त्या सातातल्या सहा शेवटच्या तीन रोलमधल्या आहेत. मधे नेमकं काय बदललं ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते, कारण तुमच्यातल्याही दोघी-तिघी घरच्याच माणसांना घेऊन काम करतायत.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, मी आणि माझी आई दोघीही फ्रेममध्ये, तिसरं कुणी खोलीत नाही. टीएलआर (एकावर एक दोन लेन्सचा कॅमेरा, वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो), ८० एमएम लेन्स, चौकोनी निगेटिव्ह, एचपी ५ ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, खिडकीचा उजेड, ट्रायपॉड आणि लांब नळीचा रबरी बल्ब, म्हणजे दाबला की लांबूनच शटर उघडणारा फुगा. शटर मीच दाबायचे.

पहिले सहा रोल बघितले तर आई प्रत्येक फ्रेममध्ये ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखी आणि मी खांदे वर चढवून बल्ब लपवत बसलेली. मी दोष उजेडाला दिला. मग खिडकी बदलली, पडदा लावला, अमेरिकन फोटोग्राफर कॅरी मे वीम्सची १९९० ची किचन टेबलची मालिका पुन्हा पुन्हा बघून वरून एकच दिवा सोडला, आणि तरी काही होईना. खरं तर मी तिच्याकडून फक्त दिवा उचलला होता! ती मालिका २० फोटोंची आहे, टेबल तेच, दिवा तोच, ती स्वतः प्रत्येक वेळी तिथे बसलेली आणि समोर कधी पुरुष, कधी मैत्रिणी, कधी मुलगी. मुलीबरोबरच्या एका फोटोत दोघी आपापल्या छोट्या आरशात बघून लिपस्टिक लावतायत, एकमेकींकडे बघतही नाहीत, आणि आई-मुलीचं सगळं नातं तिथे दिसतं. त्यांच्या हातांना काम आहे, पोज नाहीये. हे मला सहा रोल जाळल्यावर दिसलं.

म्हणून सातव्या रोलला आईला म्हटलं, फोटोचं सोड, माझ्या केसांचा गुंता सोडव. तिने कंगवा घेतला आणि पहिल्याच मिनिटाला तिचे हात तिचे झाले, मान जरा वाकडी करून ती गुंता बघायला लागली. पण मी अजूनही मुठीत बल्ब धरून तिच्या चेहऱ्यावर योग्य क्षण यायची वाट बघत होते, म्हणजे दोघींमधली एकच जण खरी तिथे होती.

अमेरिकन फोटोग्राफर लाटोया रूबी फ्रेझियरचं काम मला आवडतं हे इथे सगळ्यांना माहितेय. ब्रॅडॉक नावाच्या स्टीलच्या गावात आजी, आई आणि ती स्वतः अशा तीन पिढ्या, पुस्तक २०१४ मध्ये आलं. त्यात आई नुसती समोर बसलेली नाही, ती कामात भागीदार आहे, काही फोटो आईने काढलेत. हे मी किती वेळा वाचलं असेल आणि तरी स्वतःच्या बाबतीत सुचलं नाही. सातव्या रोलच्या शेवटी बल्ब आईकडे दिला. ती म्हणाली, ‘अगं, पण मला कधी दाबायचं ते कसं कळणार?’ मी म्हटलं, तुला वाटेल तेव्हा.

आता तांत्रिक भाग, हा मला सगळ्यात जास्त सांगायचाय. संध्याकाळचा उजेड, एफ ८ ला (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं) उजेडाचा मीटर चार सेकंद सांगत होता, एचपी ५ ची रेसिप्रोसिटी, म्हणजे लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते ते, धरली तर सहा द्यायचे. शटर बी वर, म्हणजे बल्ब दाबून धराल तितका वेळ उघडं. आईला सांगितलं, सहा आकडे मोज आणि सोड. तिने मोजायला सुरुवात केली, चारच्या आसपास तिचं माझ्याकडे लक्ष गेलं, माझ्या कपाळावरची बट तिने दुसऱ्या हाताने मागे सारली आणि बल्ब तसाच दाबलेला राहिला. मी मनात मोजत होते, अकरा झाले. निगेटिव्ह दाट आलं पण एका स्टॉपच्या, म्हणजे दुप्पट उजेडाच्या, आतच जास्त, फिल्मने आरामात पचवलं. आणि फ्रेममध्ये आईचे दोन चेहरे आहेत, एक कॅमेऱ्याकडे, बऱ्यापैकी स्पष्ट, दुसरा माझ्याकडे वळलेला, धुरासारखा. मी मात्र जागची हलले नव्हते म्हणून कोरीव आलेय.

फोटोग्राफर फ्रान्सेस्का वूडमनच्या स्वतःच्याच फोटोंत असं शरीर पुसट होतं, भिंत आणि जमीन ठाम, मधे ती विरघळतेय. तिने हे विद्यार्थिनी असताना, १९७५-७६ च्या सुमारास पडक्या घरांत केलं आणि १९८१ मध्ये २२ व्या वर्षी ती गेली. मी कॉलेजपासून त्या पुसटपणाची नक्कल करत आले, मुद्दाम मान हलवून. ती नक्कल आणि ही फ्रेम शेजारी ठेवली तर फरक एका नजरेत कळतो, इथे हलण्याला कारण होतं.

बल्बची नळी आता लपवतही नाही. सिंडी शर्मनच्या १९७७ ते ८० मधल्या फिल्म स्टिल्समध्ये (सिनेमातल्या दृश्यांसारखे तिने स्वतःचेच काढलेले फोटो) काही ठिकाणी शटरची केबल दिसते, पूर्वी मला ती चूक वाटायची. आता वाटतं की बाईचा फोटो आहे आणि दाबणारा हातही तिचाच आहे, हे दिसलेलं बरंच.

आठव्या रोलची गोष्ट जरा जपून लिहिते, आईला वाचून दाखवूनच इथे टाकतेय. मी सिझेरियनने झाले. तो व्रण फ्रेममध्ये यावा असं मला सुरुवातीपासून वाटत होतं, डच फोटोग्राफर रिनेके डाइक्स्ट्राचे १९९४ चे नवीन आयांचे फोटो डोक्यात होते. बाळंत होऊन एक तास, एक दिवस, एक आठवडा झालेल्या तिघी, साध्या भिंतीसमोर बाळाला छातीशी धरून उभ्या, एकीच्या पायावरून रक्ताचा ओघळ, एकीच्या पोटावर टाके. पण मी कधी विचारलं नाही, कारण आई नाही म्हणू शकली नसती. ब्रिटिश फोटोग्राफर जो स्पेन्सने १९८२ मध्ये कॅन्सरच्या ऑपरेशनआधी स्वतःच्या स्तनावर लिहून घेतलं होतं, ‘जो स्पेन्सची मालमत्ता?’, आणि त्यातलं ते प्रश्नचिन्ह मला फार लागतं. डॉक्टरांना ती जो प्रश्न विचारतेय तोच कॅमेरा घेतलेल्या मुलीलाही लागू होतो ना.

तर विचारलं नाही, बल्ब दिला आणि मी खोलीबाहेर गेले. फोकस आधीच खुर्चीवर लावून ठेवला होता. काय काढलं ते रोल धुतल्यावर कळलं. एकूण तीन फ्रेम, त्यातल्या दोनात ती नुसती बसलीये आणि एकात तिने कपडा जरा बाजूला केलाय, व्रण दिसतो, आणि ती खाली, स्वतःच्या पोटाकडे बघतेय. इतकी शांत मी तिला कधी पाहिली नाही. कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे रोलच्या सगळ्या फ्रेम छोट्या छापलेल्या कागदावर, तिने लाल पेन्सिलने त्याच फ्रेमवर फुली मारली. आमचा नियम आहे, तिची फुली म्हणजे प्रिंट नाही, स्कॅन नाही. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण निगेटिव्ह तिच्याकडे दिलंय.

बाकी अडचणी. एफ ५.६ ला दोन मीटरवर जेमतेम सव्वा फूट जागा शार्प मिळते आणि दोघींची डोकी त्यात बसवायची, म्हणून खुर्चीच्या पाठीवर डोळ्यांच्या उंचीला छापील कागद चिकटवून त्याच्यावर फोकस करते, हे एकदम भरवशाचं निघालं. टीएलआरमध्ये जवळून वरची कड कापली जाते, तेव्हा डोक्यावर जागा जास्त सोडा. चौथा रोल फिक्सर (धुताना चित्र पक्कं करणारं रसायन) जुना असल्यामुळे दुधाळ आलाय, पुन्हा फिक्स करून बघणार आहे.

दहावा रोल कॅमेऱ्यात आहे, आठ फ्रेम झाल्या, त्यातल्या पाच माझ्या एकटीच्या, आईने काढलेल्या. उरलेल्या चार कशाच्या काढायच्या ते तिने अजून सांगितलेलं नाही.