तार कुठे थांबवायची

गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत आम्ही पाच जणांनी दीड तास गाणी वाजवली. मी बेस गिटारवर होते. तालमी नीट झाल्या होत्या, एकही सूर चुकत नव्हता, म्हणून मी खुशीत होते. तिसरं गाणं संपल्यावर साउंडवाला मुलगा स्टेजजवळ आला आणि म्हणाला, "ताई, तुमचा बेस जरा कमी करू का? सगळं गोळा होतंय." मी मान डोलावली. पुढचा तासभर माझा मलाच बेस ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी पाठवलेलं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून उपयोग नव्हता. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला जेमतेम ४१ कंपनांचा असतो, एवढ्याशा स्पीकरला तो झेपत नाही. हेडफोनमध्ये मात्र स्वच्छ कळलं की तो मुलगा बरोबर होता. सूर बरोबर होते, ठोक्यावरही होते, पण एकही सूर संपत नव्हता. आधीचा पुढच्यात, पुढचा त्याच्या पुढच्यात. पावसाळ्यात रस्त्यावरचे सगळे खड्डे भरून एकच डबकं व्हावं, तसं.

मी ४४ वर्षांची, डोंबिवलीत राहते, फोर्टला एका विमा कंपनीत नोकरी करते. बेस हातात घेतला तो ३८व्या वर्षी. तेव्हापासून जो काही सराव केला तो सूर कुठे सुरू होतो याचा होता. बोट कुठल्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या कुठल्या धातूच्या पट्टीपाशी, मेट्रोनोमच्या, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्राच्या, टिकवर पडलं की नाही, वेग ८० वरून ९० वर गेला की नाही. तार कुठे थांबवायची, याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

ते बाबांनी दाखवलं. बाबांनी चाळीस वर्षं भजनी मंडळात तबला वाजवला. आता उजव्या हाताची बोटं आखडली आहेत, तबल्याच्या चाटेवर, म्हणजे कडेवर, पडत नाहीत. मी पहाटे साडेपाचला हॉलमध्ये बसते, अँप बंद, हेडफोन कानात. एकदा हेडफोन काढून त्यांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं. डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "अगं, वाजवतेस छान, पण बंद करत नाहीस. डग्ग्याला जितका 'घे' लागतो, तितकाच 'क' लागतो."

डग्गा म्हणजे जोडीतला डाव्या हाताचा, खालच्या आवाजाचा. 'घे' म्हणजे त्याचा उघडा, घुमणारा बोल. 'क' म्हणजे पंजा सपाट टेकवून दाबलेला. मग त्यांनी मांडीवर तीनताल धरला. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. "बघ, डग्गा कुठे गप्प आहे?" धा आणि धिंमध्ये डग्गा घुमतो, ता आणि तिंमध्ये नाही. लहानपणापासून हा ठेका कानावर आहे, पण असं मोजलं कधीच नव्हतं. तालातली 'खाली', म्हणजे रिकामी जागा, आपण नवव्या मात्रेवर दाखवतो, डग्गा प्रत्यक्ष थांबतो तो दहाव्यापासून तेराव्यापर्यंत. चार मात्रा खालचा घुमार नाहीसा होतो आणि चौदाव्याला परत येतो. गाणारा डोळे मिटून असला तरी त्या रिकाम्या जागेवरून त्याला कळतं, आता सम, म्हणजे पहिली मात्रा, जवळ आली.

म्हणजे खालचा आवाज जिथे नसतो, तिथेही तो काम करत असतो. हे मला सहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी सराव पार बदलला. पहिले दोन महिने एकच सूर. मेट्रोनोम ६० वर, म्हणजे सेकंदाला एक ठोका. एक आठवडा सूर पूर्ण सेकंदभर धरायचा आणि पुढच्या ठोक्याला बरोबर जोडायचा. मग पाऊण सेकंद. मग अर्धा वाजता, अर्धा गप्प. हा अर्धा सगळ्यात अवघड. वाजवायला ठोका असतो, थांबायला काहीच नसतं, ती जागा आपणच मनात मोजायची. सगळं लॅपटॉपवर ऑडॅसिटीत रेकॉर्ड करून त्याचा आलेख बघत असे. सुरुवातीचे उंचवटे सगळे सारखे, शेपट्या मात्र एक लांब, एक तुटकी, एक मध्येच परत फुगलेली.

ती फुगलेली शेपटी कुठून येते हे शोधण्यात पंधरा दिवस गेले. जाड ई तारेवर पाचव्या फ्रेटला ए हा सूर वाजवला की शेजारची मोकळी ए तार आपोआप थरथरू लागते, तानपुऱ्याच्या तारा एकमेकींना जागं करतात तशीच. मी ई दाबून थांबवत होते आणि ए मागे गुणगुणत राहायची. उपाय डाव्या हातात होता. ई दाबणाऱ्या बोटाचं पेर किंचित आडवं ठेवलं की ते ए तारेला हलकं टेकतं आणि ती जागीच होत नाही. वरच्या तारांवर गेलं की उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या पट्टीवर, रोवून ठेवायचा नाही, तो सोबत सरकत सरकत मागच्या तारांवर टेकायचा. आणखी एक गोष्ट खूप उशिरा कळली. सूर थांबवताना बोट पूर्ण उचलायचं नाही, फक्त दाब काढायचा. पण पाचव्या, सातव्या, बाराव्या फ्रेटवर एकच बोट असं हलकं टेकलं तर वेगळाच बारीक हार्मोनिक शिट्टीसारखा निघतो. तिथे दोन बोटं टेकवायची.

हाताचं दुखणंही याच काळात गेलं. ३४ इंची तारेच्या बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर १३ सेंटिमीटर भरतं. माझा हात लहान. प्रत्येक फ्रेटला एक बोट हा नियम पाळताना करंगळी ठणकायची आणि ताणलेलं बोट वेळेवर सैल पडायचंच नाही. सुरुवातीच्या फ्रेट्सवर मी डबल बेस, म्हणजे उभं धरून वाजवायचा मोठा बेस, वाजवणाऱ्यांची पद्धत घेतली, पहिलं, दुसरं आणि चौथं बोट, तिसरं नुसतं चौथ्याला आधार. पाचव्या फ्रेटच्या पुढे मग एकेक बोट. ज्यांचे हात लहान आहेत त्यांनी हे पहिल्या दिवसापासून करावं, असं माझं ठाम मत आहे.

भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा कापून ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथे, तारांखाली सरकवला, तोही फार उपयोगी पडला. फेंडरच्या जुन्या प्रिसिजन बेसवर ब्रिजच्या धातूच्या झाकणाखाली स्पंज असायचाच. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमरसननी त्या स्पंजवर, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारांवर आणि उजव्या हाताच्या एकाच बोटावर केवढं काम करून ठेवलंय! पण सरावाच्या शेवटी मी तो काढते. थांबवणं हातालाच यायला हवं.

बाकीचा सराव ८:१०च्या फास्ट लोकलमध्ये. गर्दीत हात हलत नाही, पण कान मोकळे असतात. आर. डी. बर्मन यांच्याकडे बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांच्यामागे मी घाटकोपर ते मशीद नुसती फिरते, एका वेळी एकच गाणं. कोणता सूर धरला, कोणता लगेच सोडला, तेवढंच ऐकायचं. एका गाण्याला आठवडा लागतो. लागू दे.

जानेवारीपासून रविवारी सकाळी बाबा आणि मी एकत्र बसतो. त्यांचा डावा हात अजून चांगला आहे, म्हणून ते नुसता डग्गा वाजवतात आणि मी त्याच्याबरोबर बेस. सोळा मात्रा म्हणजे आमच्या हिशोबात चार-चार ठोक्यांचे चार बार. डग्ग्यासारखं थांबायचं तर तिसऱ्या बारचे शेवटचे तीन ठोके आणि चौथ्याचा पहिला ठोका रिकामा सोडावा लागतो. बेसवाल्याला पहिला ठोका सोडणं किती जड जातं ते बेसवाल्यालाच कळेल, आम्हाला पहिली शिकवण असते ती त्या ठोक्यावर उतरण्याचीच. मे महिन्यापर्यंत दर आवर्तनाला तिथे माझं बोट पडत होतं. बाबा थांबायचे, "तेरा," एवढंच म्हणायचे आणि पुन्हा सुरू.

परवाच्या रविवारी ओळीने अकरा आवर्तनं झाली. बाराव्याला तेराव्या मात्रेवर बोट पडलं ते बाबांचं. आम्ही दोघंही थांबलो. त्यांनी डग्ग्यावर थोडी पावडर टाकली, हात पुसला आणि म्हणाले, "चल, परत पहिल्यापासून."