बंद घरातला पाणीगळतीचा सेन्सर वायफायला जोडताना: माझा अनुभव

आमचं घर दापोली तालुक्यात, हर्णैच्या जरा अलीकडे. आम्ही राहतो ठाण्याला, त्यामुळे घर वर्षातले नऊ-दहा महिने बंदच, चावी शेजारच्या अण्णांकडे. गेल्या दिवाळीला दार उघडलं तर स्वयंपाकघरभर पाणी, ओट्याखालचं प्लायवूडचं कपाट फुगून त्याची दारं मिटेनात, खालच्या फळीवर सासूबाईंनी जपून ठेवलेली जुनी पितळी भांडी हिरवी पडलेली. सिंकखालचा कनेक्शन पाइप नटाजवळ चिरला होता, बारीक धार होती, पण टाकीला फ्लोट स्विच! टाकी उतरली की पंप आपोआप विहिरीतून पाणी चढवणार, म्हणजे गळती थांबायचं काही कारणच नाही. किती दिवस चाललं देव जाणे, लाईट बिल बघून पोटात गोळा आला.

(हे आधीच सांगून टाकते, घर बंद करताना पंप ऑटोवर ठेवू नका, मेन स्विच बंद करा. मग फार तर एक टाकी जाते, अख्खी विहीर नाही.)

तर म्हणून सेन्सर घेतला. वस्तू साधी आहे, साबणाच्या वडीएवढी, खालच्या बाजूला धातूचे दोन ठिपके. त्या दोन ठिपक्यांना पाण्याने जोडलं की सर्किट पूर्ण होतं, झोपलेला सेन्सर जागा होतो, घरातलं वायफाय पकडतो, कंपनीच्या सर्व्हरला निरोप देतो आणि तिथून आपल्या फोनवर नोटिफिकेशन. एरवी तो झोपलेलाच असतो म्हणून रिमोटच्या दोन बारीक सेलवर महिनोन् महिने चालतो. ॲप टाकणं, अकाउंट काढणं वगैरे काही अवघड नाही, त्यावर वेळ घालवत नाही.

अडलं ते वायफायला जोडताना. मेच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस रजा टाकून गेले होते, म्हटलं मृग लागायच्या आत हे काम उरकायचं. बटण दाबून धरलं, निळा दिवा लुकलुकायला लागला, ॲपमध्ये पासवर्ड टाकला, गोल फिरतोय फिरतोय आणि शेवटी 'कनेक्ट होऊ शकलं नाही'. अकरा वेळा केलं मी. सेल बदलले, फोन बदलला, राऊटरच्या अगदी शेजारी सेन्सर ठेवून बघितलं, तेच.

कारण कळायला दुसरा दिवस उजाडला. वायफायच्या लहरींचे दोन पट्टे, म्हणजे बँड असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. हे सेन्सर फक्त २.४ वर बोलतात, त्याची चिप स्वस्त पडते, बॅटरी कमी खाते आणि आपल्याकडच्या जाड चिऱ्याच्या भिंतीतूनही तो सिग्नल ५ पेक्षा बरा जातो. पण हल्लीचे फायबरचे राऊटर २.४ आणि ५ दोन्ही सोडतात आणि तेसुद्धा एकाच नावाने, कुणाला कुठे बसवायचं ते राऊटर ठरवतो. माझा फोन बसलेला ५ वर. आता माझ्या ॲपची पद्धत अशी की फोन आपल्या वायफायवरूनच नाव-पासवर्ड हवेत सोडतो आणि सेन्सरने तो ऐकायचा. ५ वरचं त्याला ऐकूच येत नाही, मग तो जोडणार कसा? काही मॉडेलमध्ये दुसरी पद्धत असते, सेन्सर स्वतःचं तात्पुरतं वायफाय सोडतो, फोन त्याला जोडायचा आणि मग पासवर्ड द्यायचा. माझ्यात ती नव्हती. घेताना हे नक्की विचारा, मी विचारलं नव्हतं आणि त्याचा मला अजून पस्तावा आहे.

उपाय म्हटलं तर सोपा, दोन्हीची नावं वेगळी करायची. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राऊटरच्या सेटिंगचं पान उघडलं, राऊटरच्या मागच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकला, आत शिरले. पण नाव वेगळं करायचा पर्याय पुसट, दाबला जाईना. तो कंट्रोल नेट देणाऱ्यांनी स्वतःकडे ठेवलेला.

मग सुरू झाल्या त्या नेटवाल्यांच्या तालुक्याच्या ऑफिसच्या खेपा. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "मॅडम, मोबाईलवर युट्यूब चालतंय ना?" म्हटलं चालतंय. "मग आमचं नेट चालू आहे, तुमचं डिव्हाइस खराब आहे." मी २.४ आणि ५ चं सगळं समजावून सांगितलं, तो माझ्या पाठीमागच्या माणसाकडे बघायला लागला. तक्रार लिहून घ्या म्हटलं, घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे'. कुणी आलं नाही, कुणाचा फोन नाही! परत एसटीने दापोली, परत तक्रार. यावेळी सांगितलं माणूस पाठवतो. माझी रजा संपली, मी ठाण्याला आले आणि त्यानंतर चार दिवसांनी तो माणूस घरी गेला. अण्णांना विचारलंन, "नेट चालू हाय ना?" अण्णा म्हणाले, "हाय." झालं, तक्रार बंद. अण्णांची काय चूक, त्यांना जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दिलं. पण ज्याच्यासाठी आलास ती तक्रार तरी वाच ना बाबा! मला त्या दिवशी ऑफिसात इतका राग आला होता की डबा नीट खाल्ला नाही.

जूनमध्ये परत गेले, मृग लागून गेला होता, खेडला उतरले तेव्हा धो धो पाऊस. यावेळी मात्र तयारीने. अण्णांच्या मुलाच्या फोनचा हॉटस्पॉट २.४ वर लावला (ॲन्ड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येतो), माझा फोन त्याला जोडला आणि सेन्सर एका मिनिटात कनेक्ट. त्याचा व्हिडिओ काढला आणि तो घेऊन ऑफिसात गेले. तुम्हीही आधी हेच करा, माझ्यासारख्या खेपा मारू नका. डिव्हाइस खराब आहे हे वाक्यच मग त्यांना बोलता येत नाही.

काउंटरवर तोच माणूस होता, पण आतून एक कॉलेजातला वाटावा असा मुलगा आला, त्याने व्हिडिओ पूर्ण बघितला आणि म्हणाला, "काकी, बँड वेगळे करायचे आहेत ना? बसा." तिथल्याच कॉम्प्युटरवरून त्याने माझा राऊटर उघडला आणि चार मिनिटांत काम झालं, मी घड्याळ बघत होते. घरी यायचीसुद्धा गरज नव्हती. चार मिनिटांच्या कामासाठी माझा महिना गेला, रजा गेली, चार तिकिटं गेली. त्या मुलाचे मात्र मनापासून आभार, त्याने स्वतःहून सांगितलं की २.४ ला जुनंच नाव-पासवर्ड राहू दे आणि ५ ला नवीन नाव देऊ, म्हणजे जुनी डिव्हाइस परत जोडावी लागणार नाहीत. हे फार कामाचं आहे. पुढे कधी वायफायचा पासवर्ड बदललात तर सेन्सर नव्याने जोडावा लागतो, तेही लक्षात ठेवा.

लाईटचं राहिलंच. सेन्सर सेलवर चालतो पण राऊटर लाईटवर, आणि पावसात आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. राऊटरला छोटा यूपीएस लावला, ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय ते बघून तसाच घेतला. फोनमध्ये त्या ॲपला बॅटरी सेव्हरमधून वगळा, नाहीतर निरोप उशिरा येतो. आणि हा सेन्सर फक्त ओरडतो, पाणी बंद करत नाही, त्यामुळे टाकीखालच्या वॉल्व्हला लाल रंग देऊन अण्णांना दाखवून ठेवलाय. खाऱ्या हवेने ते दोन ठिपके काळपट होतात, अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसावे लागतात.

दर महिन्याच्या एक तारखेला अण्णा ओलं फडकं ठिपक्यांवर टेकवतात आणि मला फोन करतात, "वाजला काय गो?" गेल्या वेळी मी मुलुंडला लोकलच्या दारात होते, त्यांचा फोन यायच्या आधीच वाजला होता.

नेटवाल्यांच्या ॲपमध्ये मात्र माझी तक्रार अजून मे महिन्याच्याच तारखेला 'सोडवली' म्हणून दिसते. ती तारीख बदला म्हणून मी दोनदा मेल केलाय, उत्तर आलेलं नाही, तिसरा आज करणार आहे.