नाथसागराच्या काठावर एक पोतं

ही सवय मला गुहागरला लागली. सकाळी किनाऱ्यावर एक आजी चालता चालता प्लास्टिक उचलून कापडी पिशवीत टाकत होत्या. मीही दोन बाटल्या उचलून त्यांच्या पिशवीत टाकल्या. तेव्हापासून कुठल्याही पाण्याच्या काठाला गेले की हात आपोआप खाली जातो.

मराठवाड्यात समुद्र कुठला? पण पैठणचा नाथसागर आहे, जायकवाडी धरणाचा जलाशय. आमच्या संभाजीनगरच्या नळाला याच जायकवाडीचं पाणी येतं, म्हणून इथला कचरा मला घरातलाच वाटतो.

जानेवारीत पहिल्या एसटीनं पैठणला गेले. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं, मग युरियाचं रिकामं पोतं खांद्यावर टाकून बाभळीच्या कडेनं काठाला उतरले. हे १९८६ पासूनचं पक्षी अभयारण्य. लांब उथळ पाण्यात पट्टकदंब बसले होते, हिमालय ओलांडून आलेले. त्यांच्या अलीकडेच कचऱ्याच्या ओळी.

ओळीच म्हणते मी. समुद्रावर भरतीची रेघ दिवसातून दोनदा पुसली जाते. इथं पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू ओसरत जातं आणि प्रत्येक टप्प्यावर एक रेघ मागे सोडतं. वरच्या रेघेतल्या पिशव्या उन्हानं इतक्या कडक झालेल्या की उचलताना हातातच चुरा होतो. तो चुरा मातीतून वेचणं कुणाला जमणार? म्हणून मी खालच्या रेघेपासून सुरुवात करते, जे अजून अख्खं आहे ते आधी.

सगळ्यात जास्त सापडतात गुटख्याच्या पुड्या. गुटख्याला २०१२ पासून राज्यात बंदी आहे, प्लास्टिकच्या पिशव्यांना २०१८ पासून. काठावर दोन्हींची कमी नाही. आणि निर्माल्य. गाठ मारलेली काळी पिशवी सोडली तर आत कुजलेला झेंडू, नारळाची शेंडी, देवाच्या फोटोची फुटकी काच. फुलं गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, वाहावीत, हे मी समजू शकते. पण पिशवीसकट? ही गोष्ट मला फार लागते. फुलं बाभळीखाली खड्डा करून पुरली, काच कागदात गुंडाळली, पिशवी पोत्यात.

थोडं पुढं चिखलात नायलॉनच्या जाळ्याचा गुंता रुतलेला होता. ओढला तर त्यात शिंपल्या, काड्या आणि एका पक्ष्याचा वाळलेला पाय. नुसता पाय, नखांसकट, दोरा हाडापर्यंत कापत गेलेला. मी तिथंच उकिडवी बसून राहिले.

"ताई, काय हुडकायलात?" मासे उतरवून घेत असलेल्या एका बाबांनी विचारलं. मी काही न बोलता जाळं पुढं केलं. त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"आमचंच असंल. फाटलं की लोक तिथंच फेकून देतेत."

मग स्वतःच्या चाकूनं त्यांनी तो गुंता कापून दिला. भंगारवाला बाटल्या घेतो, पुड्या आणि जाळं कुणी घेत नाही, हे त्यांनीच सांगितलं. ते मी शहरात घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात देते म्हटल्यावर त्यांनी होडीतून आणखी दोन फाटकी जाळी काढून पोत्यात कोंबली.

"पुढच्या खेपेला कधी येता?" त्यांनी विचारलं. "तवर बाकीच्यांची बी जमा करून ठेवतो."

मी महाशिवरात्रीनंतरचा रविवार सांगितला.