आमची वाटचाल : मशीन नव्हे, वही

जळगावच्या डाळ बाजारात आमच्या मिलबद्दल अजून एक गोष्ट सांगितली जाते. मंदीत बुडायला आले होते, कुठून तरी नवे मशीन आणले आणि तरले. आम्ही मशीन आणलेच नाही, आणायला पैसेच नव्हते. जे झाले ते आमच्या मिस्त्रींनी, हमालांनी आणि खळ्यावरच्या बायांनी केले. ते कसे केले हे एकदा नीट लिहून ठेवावे म्हणून हा प्रपंच.

वडिलांनी मिल सुरू केली तेव्हा दोन रोलर, एक चाळणी आणि मागे तूर वाळवायचे मोकळे खळे एवढाच पसारा होता. पोत्यातून नमुना काढायची त्यांची पितळी परखी अजून ऑफिसात टांगलेली आहे. पोत्यात परखी मारायची, दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि ओल सांगायची. पुढे आम्ही मॉइश्चर मीटर घेतला, तेव्हा त्यांचा अंदाज काट्याच्या फार लांब कधी गेला नाही. मधली वर्षे बरी गेली.

२०१५ मध्ये तूरडाळ किरकोळीत दोनशे रुपये किलोवर चढली. सरकारने साठ्यावर मर्यादा घातल्या, छापे पडले. त्यानंतरच्या हंगामात देशात तुरीचे विक्रमी पीक आले आणि २०१७ उजाडता उजाडता भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली गेला. खरेदी केंद्रांवर शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना जास्त सांगायला नको. चढ्या भावाची तूर गोदामात आणि पडलेल्या भावाची डाळ बाजारात, अशा कात्रीत खान्देशातले किती तरी मिलवाले सापडले. आमचा उताराही, म्हणजे तुरीतून निघणारी अखंड डाळ, नेमका तेव्हाच घसरला. क्विंटलला सत्तर किलो डाळ पडायची मारामार, बाकी टुकडी म्हणजे तुटकी डाळ आणि चुनी म्हणजे चुरा. पंचाहत्तर आणि सत्तर यांतला पाच किलोचा फरक म्हणजे काय हे या धंद्यातल्या माणसाला कळते.

आमच्याच लाइनीतल्या एका मिलवाल्याने ही वेळ साधली. आमच्या गिऱ्हाइकांना फोन गेले की त्यांच्या डाळीत खंडा, म्हणजे तुटके दाणे, निघतो, बँक कुलूप लावणार आहे, उधारी अडकवू नका. बँकेने असे एका शब्दाने म्हटलेले नव्हते. त्या मिलवाल्याचे नाव मी लिहीत नाही, पण ते फोन विसरलेलो नाही. वडिलांच्या काळापासूनची माणसे न सांगता निघून गेली.

धुळ्याच्या खानावळवाल्या काकू मात्र गेल्या नाहीत. त्यांची गरज ती किती, महिन्याला थोडे कट्टे. पण दर खेपेला त्या स्वतः फोन करून वरण कसे झाले ते सांगत. "भाऊ, या खेपेची डाळ मिळून येत नाही, पाणी वेगळं आणि डाळ वेगळी राहते," इतके नेमके. पुढे आमच्या कामात या फोनचा किती उपयोग झाला ते खाली येईलच.

त्या काळात बाहेरगावच्या एका सल्लागार फर्मलाही बोलावले होते. जाडजूड अहवाल आला, त्याचे सार असे की यंत्रांची पूर्ण लाइन बदला. अहवाल लिहिणारे मिलमध्ये फिरले, पण रोलरवर उभ्या असलेल्या माणसाशी एक वाक्य बोलले नाहीत. फी आधीच घेतलेली होती.

रस्ता दाखवला माझ्या धाकट्या बहिणीने. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बी.एड.ला तिने कृतिसंशोधन केले होते आणि वर्गात ते खरोखर वापरतेही. ती म्हणाली, "दादा, ज्याचं काम त्यानेच त्याचा प्रश्न शोधायचा, एक बदल करायचा, काय होतं ते लिहायचं आणि त्यावरून पुढचं ठरवायचं." कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये हीच पद्धत मांडली होती : नियोजन, कृती, निरीक्षण आणि पुन्हा नियोजन. कारखान्यात हे कसे चालणार, असे मी विचारले तेव्हा तिने अहमदाबादच्या कॅलिको मिलचे उदाहरण दिले. तिथे स्वयंचलित माग येऊनही उत्पादन वाढत नव्हते. १९५३ मध्ये लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले. एका मागावर वेगवेगळ्या कामांची सुटी माणसे धावत होती. त्याऐवजी ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एका टोळीवर द्यावी, अशी कल्पना त्यांनी मांडली. कामगारांनी ती उचलली आणि टोळ्या स्वतःच जुळवल्या. उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले.

मिलमधल्या सगळ्यांना खळ्यावर बसवले आणि बहिणीच्या पद्धतीने एक वही ठेवायची ठरवली. प्रश्न एकच ठेवला : टुकडी का वाढते? बाजारभाव, सरकार, पाऊस हे आपल्या हातात नाही म्हणून बाजूला ठेवले. हमालांना वेगळीच धास्ती होती. लिहून ठेवले की उद्या त्यावरून पगार कापतील. ही भीती खोटी नसते, मालक आणि मजूर एकाच वहीत लिहू लागले की ती येणारच. म्हणून वहीतल्या नोंदीवरून कुणालाही दंड होणार नाही, असा कागद माझ्या सहीने रोलरशेजारच्या भिंतीवर लावला. तो लागला नसता तर पुढचे काहीच खरे निघाले नसते.

सुरुवातीला काहीही बदलायचे नाही, फक्त लिहायचे. गाडी कुठली, ओल किती, तेल किती लावले, ढीग किती वेळ मुरला, रोलरचा गाळा (दाणा जायची फट) किती, टुकडी किती. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी सांगायचे आणि बहिणीने रविवारी येऊन उतरवायचे.

पहिल्या फेरीत मिस्त्रींच्या सांगण्यावरून रोलरवर नवी एमरी, म्हणजे साल घासणारा खरबरीत थर, चढवली. टुकडी थोडीच उतरली. म्हणजे दोष एकट्या रोलरचा नव्हता, हे पक्के झाले. दुसऱ्या फेरीत एका हमालाने सांगितले की विदर्भातली टपोरी तूर आणि आपल्याकडची बारीक तूर एकाच हौदात पडते. गाळा बारकीला धरला तर टपोरी फुटते, टपोरीला धरला तर बारकीचे साल तसेच राहते. जुन्या चाळण्या बाहेर काढून वापरल्या, दोन आकार वेगळे केले आणि दोन्हीला वेगळा गाळा दिला. फरक दिसला.

खरी गोम खळ्यावर निघाली. तिथल्या बाया पायाने चाऱ्या पाडत तूर उलटवतात, त्यांना सगळे दिसत होते. ट्रकची घाई असली की भर दुपारी तूर गोळा होऊन तशीच एलिव्हेटरवर चढायची. आमचे मिस्त्री पारोळ्याकडचे, ते आधीपासून म्हणत होते, "भाऊ, गरम दाना फुटस." वहीत तारखा लावून पाहिल्या तर टुकडी नेमकी त्याच दिवशी वाढलेली. जळगावच्या उन्हात दाणा वरून लगेच सुकतो, आत ओल राहते आणि रोलरखाली तडकतो. ढीग करून रात्रभर झाकून ठेवला की ओल आतबाहेर सारखी होते. ट्रक सकाळचा केला. उतारा पंचाहत्तरच्या वर गेला आणि राहिला. प्रत्येक फेरीचा नमुना धुळ्याला जात होता. या वेळी काकूंचा फोन आला, "आता एक वाफ कमी लागते, वरण एकजीव होतं." त्यांचे हे शब्द आम्ही वहीत तारीख घालून लिहिले.

ज्यांनी फोन फिरवले होते त्यांनी पुढे व्यापाऱ्यांच्या बैठकीत दोन चाळण्यांची पद्धत आपली म्हणून सांगितली. आमचा एक हाताखालचा माणूस जास्त पगार देऊन नेला, चाळण्याही तशाच बनवून घेतल्या. त्यांच्या मिलचा गाळा, त्यांच्या खळ्याचे ऊन आणि त्यांच्याकडे येणारा माल वेगळा. आमच्या वहीतली उत्तरे तिथे लागू पडली नाहीत, आणि तिथल्या माणसांना कुणी विचारले नाही.

नव्याने धंद्यात आलेल्या पोरांना सांगतो. प्रश्न लहान घ्या, एका वेळी एकच गोष्ट हलवा, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही. एक हंगाम तरी द्या. कामगाराने सांगितलेले त्याच्या नावाने लिहा. आणि उतारा वाढला की त्यातला वाटा त्याच्या हातात पडू द्या, आम्ही दिवाळीला तो वेगळा देतो.

सध्या वही हरभऱ्यावर चालू आहे. बायांनीच प्रश्न काढला आहे, पावसाळी हवेत वाळवण कसे करायचे. कुणाला वही पाहायची असेल तर तुरीच्या हंगामात, खळे चालू असताना या. मालकांनी एकट्याने येऊ नये, आपल्या मिस्त्रीला बरोबर आणावे.