बुकॅननचा शिष्य

17 डिसेंबर 1566. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्यात सहा महिन्यांच्या राजपुत्राचा बाप्तिस्मा. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने त्यासाठी सोन्याचं पात्र पाठवलेलं. आई मेरी, स्कॉटलंडची राणी, कॅथलिक, म्हणून विधीही कॅथलिक. प्रोटेस्टंट सरदार मात्र दाराबाहेरच थांबले. विधीत धर्मगुरूने बाळाच्या तोंडाला आपली थुंकी लावायचा रिवाज होता. मेरीने साफ नकार दिला. आर्चबिशपला गुप्तरोग असल्याची कुजबुज होती आणि तसल्या माणसाची थुंकी आपल्या पोराच्या तोंडात नको, असं ती म्हणाल्याचं सांगतात. धर्म धर्माच्या जागी, आईपण आईपणाच्या! मला ही बाई इथे एकदम पटते.

हे बाळ म्हणजे स्कॉटलंडचा सहावा जेम्स, जो पुढे इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. बापाचा खून झाला तेव्हा तो आठ महिन्यांचा होता. आईने त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा दहा. तिला सरदारांनी पदत्याग करायला लावला आणि 29 जुलै 1567 रोजी, तेरा महिन्यांच्या जेम्सला स्टर्लिंगच्याच चर्चमध्ये मुकुट घातला, या वेळी प्रोटेस्टंट पद्धतीने. प्रवचन केलं स्कॉटलंडचा प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन नॉक्सने, आणि कथा निवडली बायबलमधल्या बालराजा योआशची. धर्मरक्षणाची शपथ बाळाच्या वतीने मॉर्टनच्या सरदाराने घेतली. ज्याला अजून धड बोलता येत नव्हतं, त्याचा पंथ ठरून गेला होता.

मग आले गुरुजी. जॉर्ज बुकॅनन, साठी ओलांडलेले, युरोपात नावाजलेले लॅटिन कवी, कट्टर प्रोटेस्टंट. कधीकाळी ते मेरीबरोबर लॅटिन ग्रंथ वाचायला बसत. आता तिच्याविरुद्ध जळजळीत पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. त्यांच्या हाताखाली मुलगा. आईने बापाचा खून करवला, ती व्यभिचारी, हे त्याने कोणाकडून ऐकलं असेल ते सांगायला नको. मदतीला तरुण पीटर यंग होता, जिनिव्हात शिकून आलेला आणि स्वभावाने बराच मवाळ.

यंगने दिनक्रम लिहून ठेवलाय. सकाळी प्रार्थना, मग ग्रीक: नवा करार, आयसोक्रेटिस किंवा प्लूटार्क. न्याहारीनंतर लॅटिन, लिव्ही किंवा सिसेरो, नाहीतर इतिहास. जेवणानंतर लेखन, वेळ उरला तर अंकगणित किंवा भूगोल. मी शिकवण्या घेते, त्यामुळे ‘वेळ उरला तर गणित’ वाचून हसू आलं. पोराने वहीत लिहून ठेवलंय, की स्कॉट्स, म्हणजे आपली मायबोली, बोलता येण्याआधीच हे मला लॅटिन बोलायला लावतात.

बुकॅननची छडी राजालाही चुकली नाही. एकदा आरडाओरडा ऐकून मार परगण्याची काउंटेस, म्हणजे जिने त्याला वाढवलं ती, धावत आली आणि देवाच्या अभिषिक्तावर हात कसा उचलता, असं विचारू लागली. म्हातारा म्हणाला, ‘त्याचं ढुंगण मी फोडलंय, तुम्हाला हवं तर मुके घ्या.’ दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. राजा न वाचताच कागदांवर सह्या करतो, हे पाहून गुरुजींनी एक कागद पुढे केला. राजाने केली सही. त्यात राज्याचे अधिकार पंधरा दिवसांसाठी बुकॅननला दिले होते!

राजाची सत्ता लोकांकडून येते आणि जुलमी राजाला लोक हटवू शकतात, हा बुकॅननचा सिद्धांत. 1579 मध्ये तसा ग्रंथ काढून त्यांनी तो बारा वर्षांच्या जेम्सलाच अर्पण केला. ते वारल्यावर दोनच वर्षांनी, 1584 मध्ये, संसदेने त्या ग्रंथावर बंदी घातली आणि प्रती चाळीस दिवसांत जमा करायला सांगितल्या. पुढे थोरल्या मुलासाठी लिहिलेल्या पुस्तकात जेम्सने बजावलंय, की बुकॅनन आणि नॉक्स यांचे इतिहास बाळगणाऱ्यांवर कायदा चालव. राजा देवाने नेमलेला असतो, हे त्याने आयुष्यभर घोकलं.

यावरून त्याने सगळंच झुगारलं असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. कट्टर प्रोटेस्टंटांना नको असलेले बिशप, म्हणजे चर्चचे वरिष्ठ अधिकारी, हवेत म्हणून तो भांडला, पण मुक्ती कोणाला मिळणार ते देवाने आधीच ठरवलंय, ही लहानपणची, जिनिव्हाच्या कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकाच्या पंथाची शिकवण त्याने सोडली नाही. धर्मशास्त्रावर पाळकांशी वाद घालायची खोडही स्टर्लिंगच्या त्या वर्गातलीच. 1604 साली हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातल्या धर्मपरिषदेत तो स्वतः वादाला बसला आणि बायबलच्या नव्या इंग्रजी भाषांतराला संमती देऊन उठला. ते 1611 मध्ये निघालं.

आणि त्याच्या लॅटिन उच्चारांचं कोणी कौतुक केलं, की हा बंदी घालणारा राजा ऐटीत सांगायचा: माझे गुरू बुकॅनन होते, साऱ्या जगाला ठाऊक आहे.