वाळवंटाचा कोरडा वास जपानी धूपकाडीत कसा उतरवायचा

जपानी सेनकोच्या, म्हणजे धूपकाडीच्या, पोटात बांबूची काडी नसते. जे जळतं ते सगळं मसाल्याचंच, म्हणून वासात बांबूचा करपटपणा येत नाही. मात्र काडी उभी राहणं आणि शेवटपर्यंत जळणं या दोन्ही गोष्टी मसाल्यालाच कराव्या लागतात. हे काम ताबु झाडाच्या सालीची पूड करते. ओली झाली की ती चिकट होते, वाळली की घट्ट धरते, आणि तिचा स्वतःचा वास फार सौम्य असतो.

वाळवंटी वास म्हटलं की हात आधी लोबानाकडे जातो, आणि घोळ बहुधा तिथेच होतो. डिंक उष्णतेने वितळतो आणि निखाऱ्याला गुदमरवतो. लोबान नि हिराबोळ मिळून 15-16 टक्क्यांच्या पुढे गेले की काडी मध्येच विझू लागते. कोरडेपणा लाकडातून आणावा, डिंकाने फक्त उन्हाची झाक द्यावी.

100 ग्रॅम कोरड्या मसाल्यासाठी: ताबु पूड 40, देवदार 22, चंदन 15, लोबान 12, हिराबोळ 4, वाळा 4, दालचिनी 2, भीमसेनी कापूर 1. वाळ्यामुळे तापलेल्या मातीचा भास होतो, पण 6 ग्रॅम घातला तर वास दमट होतो आणि वाळवंट हरवतं. एवढासा कापूर मात्र वगळू नये. रात्री वाळू थंड पडते तो गारवा त्याच्यामुळेच येतो.

लोबान आणि हिराबोळ दळण्याआधी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर भांड्याच्या गरमीने ते पात्याला चिकटून बसतात. मग सगळ्या पुडी मैद्याच्या बारीक चाळणीतून गाळा. डिंकाचा एक जाड कण राहिला तरी काडी तिथे तडतडते किंवा विझते.

पाणी कोमट, साधारण 90 मिली, तेही एकदम नाही. दोन तृतीयांश घालून मळा, अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा, मग उरलेलं थोडंथोडं घाला. कापूर अगदी शेवटी, गोळा गार झाल्यावर, कारण गरम पाण्यात तो उडून जातो. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ लागला की थांबा. साच्यातून पिळल्यावर काडीला चिरा पडल्या तर पाणी कमी आहे, काडी मऊ पडून बसली तर जास्त.

सगळा गोळा साच्यातून काढण्याआधी हातानेच एक बारीक वळी करून वाळवा आणि पेटवून पाहा. विझली तर ताबु किंवा लाकूडपूड 3-4 ग्रॅम वाढवा.

2 मिमी जाडीची काडी काढून 14 सेंमीवर कापा. खरी कसोटी वाळवण्यात आहे. अवाजी बेटावरच्या एइ इथे 1850 च्या सुमारास हा धंदा सुरू झाला आणि आज जपानची सुमारे 70 टक्के धूपकाडी या बेटावर बनते, त्यामागे हिवाळ्यातला तिथला पश्चिमेचा वारा आहे. वाळवणीच्या खोल्यांना ‘बेकाको’ नावाच्या झडपांच्या खिडक्या असतात, त्या उघड-मीट करून वारा हवा तेवढाच आत घेतात. उन्हात ठेवलेल्या काडीचं वरचं कवच आधी आकसतं, आतला गाभा ओलाच राहतो, आणि काडी धनुष्यासारखी वाकते. म्हणून सावलीत, लाकडी फळीवर, वरून दुसरी हलकी फळी ठेवून पाच ते सात दिवस वाळवा. पहिल्या दोन दिवसांत रोज दोनदा फिरवा.

वाळलेल्या काड्या कागदात गुंडाळून डब्यात तीन-चार आठवडे मुरू द्या. ताज्या काडीत दालचिनी पुढे येते आणि हिराबोळ कडवट लागतो. मुरल्यावर देवदार वर येतो. अशी काडी पंचवीस-तीस मिनिटं जळते. ती राखेच्या भांड्यात उभी खोचली तर तळचा तुकडा न जळता राहतो, आडवी ठेवली तर पूर्ण जळते.